टीव्हीवरचं पोट

भाऊजींनी टीव्हीखाली एक डबा बसवलाय, त्याचा हिरवा दिवा सारखा लुकलुकतो. घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो-व्हिडिओ आपोआप त्यात जातात, म्हणजे फोन हरवला तरी फोटो राहतात, टीव्हीवरही दिसतात. माझ्या फोनमधलेही जाणार, हे मला कुठं कळलं होतं?

रविवारी सगळे बसलेले, आणि टीव्हीवर माझ्या झोपलेल्या बाळाचं पोट आलं. मग परत पोट. परत तेच. नणंद हसायला लागली, "वहिनी, अगं बाळाला तोंड नाही का?"

मी मान खाली घातली. कसं सांगू, त्याचा श्वास चालतोय ना म्हणून मी सारखी बघते, आणि आंघोळीला गेले तरी बघायला मिळावं म्हणून व्हिडिओ काढून नेते. भीती फोनमध्ये एवढीशी असते, टीव्हीवर आली की नुसती लाज वाटते.

तेवढ्यात एका व्हिडिओत पोट खाली गेलं आणि चित्र तिथंच अडकलं. सासूबाई ओरडल्या, "अरे, वर येऊ दे की त्याला!"

बाळ माझ्या मांडीवरच होतं. तरी मी त्याच्या पोटावर हात ठेवला, तर सासूबाईंचा हात आधीच तिथं होता.