बाजरीच्या बिअरला दहापैकी नऊ

तोताराम नानांच्या नाकाचा धुळ्यात, त्यातही देवपुरात, एक दरारा होता. उभी हयात त्यांनी दोंडाईच्याला एका व्यापाऱ्याकडे मिरची पारखण्यात घालवली. पोत्यात हात न घालता नुसते वाकून ते सांगत, की माल यंदाचा आहे की गेल्या सालचा, आणि वजन वाढवायला वर पाणी मारलंय का. निवृत्त होऊन त्यांनी देवपुरात घर बांधलं आणि नाकाला नवं काम लागलं. हिवाळ्यात शेतावरचं भरीत असो की कुणाच्या लग्नातली वरण-बट्टी, पंगत बसण्याआधी नानांना पातेल्यापाशी नेलं जाई. नाना डोळे मिटत, श्वास ओढत आणि म्हणत, "हं." या 'हं'चे तीन-चार प्रकार होते. जाणते आचारी त्यावरून काय ते समजून घेत. नानांचं 'हं' होईपर्यंत दुसऱ्या कुणी मत द्यायचं नाही, असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो मोडायचंही कुणाला सुचलं नाही.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत नानांना ताप आला आणि दवाखान्यात राहावं लागलं. यथावकाश ताप गेला, खोकला गेला, जिना चढताना लागणारी धापही गेली. वास मात्र गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. नानांनी वाट पाहिली. जिभेला खारट, आंबट, गोड, कडू एवढं कळे. त्यापलीकडे बासुंदी काय आणि भिजवलेली कणीक काय, सारखंच. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही, बायकोलाही नाही. डोळे अधू झाले तर माणूस चष्मा लावतो. मिरचीवाल्याचं नाक गेलं तर त्याने काय लावावं? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ठरवून नाना पूर्वीसारखेच डोळे मिटत राहिले.

घरात तर निभावणं फारच सोपं गेलं. वयोमानाप्रमाणे सुनंदाबाईंना बडबडायची सवय लागली होती. ताट वाढता वाढताच त्या म्हणत, "आज फोडणी जराशी जळनी, नही का हो?" नाना घास घेऊन म्हणत, "जराशी." दुसऱ्या दिवशी त्या म्हणत, "कोथमीर जास्तच पडनी." नाना म्हणत, "तेच सांगनार व्हतू." आपण बायकोला किती बेमालूम फसवतोय, याचं नानांना मनातून थोडं वाईट वाटे आणि थोडं कौतुकही.

अशात एके दिवशी किरण आली. किरण म्हणजे नानांचे जिवलग मित्र भाईदास यांची मुलगी. भाईदास वारले तेव्हा ती पुण्यात बिअर बनवायचं शिकत होती. परत येऊन तिने पारोळा रस्त्यावर एका शेडमध्ये छोटा कारखाना टाकला. जळगावच्या केळ्यांची, चिंचेची, बाजरीची अशा बिअर ती बनवी. नातेवाइकांनी नाकं मुरडली, पण पोरगी मागे हटली नाही.

"नाना, चार प्रकार तयार आहेत," ती म्हणाली. "त्यातला एकच मोठ्या टाकीत करायचाय, जळगावच्या हॉटेलांसाठी. चाखून गुण द्यायला माणसं हवीत. बाबा असते तर म्हणाले असते, आधी तोतारामले इचार."

नाही म्हणायची ही वेळ होती. नानांनी तोंडही उघडलं होतं. पण मेलेल्या मित्राचं नाव आलं, शिवाय आपलंही आलं, आणि उघडलेल्या तोंडातून "कव्हय येवानं?", म्हणजे कधी यायचं, एवढंच बाहेर पडलं. सुनंदाबाईंनी फक्त बिअर कशाची ते विचारलं. बाजरीची म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मंग जा. धान्यच शे."

चाखायला तिघे होते. नाना, हायवेवर शेवभाजीचा ढाबा चालवणारे जीवराम भाऊ आणि लग्नाच्या जेवणाची कंत्राटं घेणारा नवल. किरणने काचेच्या छोट्या ग्लासांत थोडी थोडी ओतली आणि सांगितलं, आधी वास घ्या, मग घोट घ्या, मग दहापैकी गुण सांगा. नानांनी डोळे मिटले. केळ्याची त्यांना नुसती गोड लागली. "हं. सहा." जीवराम भाऊ म्हणाले सहा, नवल म्हणाला सहा. चिंचेची आंबट लागली. पाच, पाच, पाच. साधी, बिनफळाची होती तिला सात, सात, सात. गणपतीच्या आरतीत टाळ्या इतक्या एका तालात पडत नाहीत.

मग बाजरीची आली. जीवराम भाऊंनी ग्लास नाकाशी नेला आणि झटकन लांब धरला. नवलला ठसका लागला. नानांचे डोळे मिटलेले होते. जिभेवर हलका कडवटपणा आला, बराच वेळ टिकला आणि निघून गेला. इतक्या दिवसांत काहीतरी नीट कळल्याचा त्यांना आनंद झाला. "हं," ते म्हणाले, आणि हे 'हं' सगळ्यात वरच्या प्रतीचं होतं. "नऊ."

जीवराम भाऊंनी ग्लास परत जवळ घेतला आणि चेहरा सरळ केला. "नऊ," ते म्हणाले.

"मी साडेआठ म्हननार व्हतू," नवल डोळे पुसत म्हणाला. "पन नऊच."

किरण गोंधळली. "नाना, मला हिला औषधासारखा वास येतोय. जखमेवर लावतात ना, तसा."

इथे तरी नानांनी थांबायचं. पण मिरची बाजारात उभा जन्म काढलेल्या माणसाला भाव सांगितल्यावर मागे येणं ठाऊक नसतं. "मंग? तोच तं तिन्हा गुन शे," नाना म्हणाले. "पुन्यामा हाऊ वास कोठे भेटनार?" जीवराम भाऊंनी मान डोलावली. बाबा वाक्यं प्रमाणम्. किरणने एकदा ग्लासकडे पाहिलं, एकदा नानांकडे, आणि आपल्याच नाकावर अविश्वास दाखवून तिने मोठी टाकी बाजरीची ठरवली. काही दिवसांनी टाकी तयार झाली आणि तिने त्यातल्या दोन बाटल्या मोठ्या अभिमानाने नानांच्या घरी पाठवल्या. उरलेला माल दुसऱ्या दिवशी जळगावला जाणार होता.

सुनंदाबाईंनी कौतुकाने एक बाटली उघडली आणि पदर नाकाला लावला.

"काय शे हाई? दवाखाना शे का बाटलीमा?"

"बाजरी शे," नाना म्हणाले. "चांगली शे. मी नऊ गुन दिधात."

सुनंदाबाईंनी बूच लावलं, हात धुतले आणि नानांसमोर येऊन बसल्या. "तुम्हले वास येत नही ना," त्या म्हणाल्या. हा प्रश्न नव्हता.

नाना बाटलीकडे पाहू लागले.

"माले म्हाईत शे. कव्हयपासून म्हाईत शे. दवाखान्यातून उनात, त्याच महिन्यामा दूध उतू गयं, जळीसन काळं व्हयनं, शेजारनी बेबाबाई पळत उनी. आनि तुम्ही गॅसजवळच पेपर वाचत बसेल व्हतात. तव्हयपासून मी सांगस, फोडणी जळनी, कोथमीर जास्त पडनी. नही तं तुम्ही काय बोलतात?"

नानांना तो दूध जळाल्याचा दिवस आठवला. मग त्यांना प्रत्येक जेवण आठवू लागलं. या बाईची फोडणी लग्नापासून कधी जळली नव्हती. नवऱ्याला पारखी राहता यावं म्हणून ती रोज स्वतःच्या हाताला नावं ठेवत आली होती, आणि आपण वर मान हलवून "जराशी" म्हणत होतो. नानांना लाज वाटली, अगदी पोटातून लाज वाटली. डोळे भरून आले ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"घरमा ठीक शे," सुनंदाबाई म्हणाल्या. "घरमा मी सांगसू. पन त्या पोरगीले कोन सांगी? भाईदासनी पोर शे ती. जाईसनी सांगा."

सकाळी नाना शेडवर पोचले. सोबत सुनंदाबाई होत्या, नाना रस्त्यातून परत फिरतील अशी त्यांना रास्त शंका होती. टेम्पो दारात उभा होता. नवल आणि जीवराम भाऊ पहिला माल निघणार म्हणून नारळ घेऊन आले होते. नानांनी टेम्पोवाल्याला थांबायला सांगितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "किरण, माले वास येत नही. करोनापासून येत नही. मी नऊ दिधात ते खोटं व्हतं. हाऊ माल जाऊ देऊ नको."

 जीवराम भाऊंनी नारळ खाली ठेवला. "म्हंजे तो वास खरंच व्हता?" ते म्हणाले. "माले वाटनं मन्हंच नाक बिघडनं. मी डॉक्टरकडे जाई उनू."

"माले वाटनं पुन्यामा अशीच करतस," नवल म्हणाला.

किरण एका खोक्यावर बसली. ती रागावली असती तर नानांना बरं वाटलं असतं. "मला येत होता वास, नाना," ती एवढंच म्हणाली. "मी तुमच्या नाकावर विश्वास ठेवला, माझ्या नाकावर नाही." मग ती उठली आणि टाकीचा नळ उघडून सगळी बिअर सोडून देऊन आली. पुढे कळलं की बाजरीच्या दोन्ही खेपांना तिने टँकरचं पाणी घेतलं होतं आणि टँकरवाल्याने त्यात ब्लीचिंग पावडर सढळ हाताने घातली होती. बाजरीचा काही दोष नव्हता.

बाजरी नव्या पाण्यात पुन्हा झाली. या वेळी किरणने नियम केला, की नानांनी सगळ्यात शेवटी बोलायचं. ग्लास भरले गेले. जीवराम भाऊंनी वास घेतला आणि नानांकडे पाहिलं. नवलने घोट घेतला आणि नानांकडे पाहिलं. नाना नियमाप्रमाणे गप्प होते. पंखा फिरत राहिला, फेस खाली बसला, पण नऊ म्हणावं की दोन, हे सांगायला कुणीही पुढे येईना. शेवटी किरणने दाराशी बसलेल्या सुनंदाबाईंकडे ग्लास नेला. "अक्का, पिऊ नका. नुसता वास घ्या."

सुनंदाबाईंनी पदर सावरून वास घेतला. "भाकरी शे," त्या म्हणाल्या. "तव्यावरली. आते बरोबर शे." तेव्हापासून त्यांच्यासाठी शेडमध्ये एक खुर्ची असते. त्या अजून एक थेंबही चाखत नाहीत.

नवी बाजरी चाखली गेली त्या संध्याकाळी घरी भरीत होतं. सुनंदाबाईंनी ताट वाढलं आणि पहिल्यांदाच काही न बोलता समोर बसल्या. नानांनी घास उचलला आणि तसाच हातात धरला.

"तू सांग," ते म्हणाले. "खरं सांग."

 स्वतःच्या स्वयंपाकाला चांगलं म्हणायची सुनंदाबाईंना सवय राहिली नव्हती. "तुरीच्या काड्यांवर भाजेल शे," त्या सावकाश सांगू लागल्या. "धूर मुरेल शे आतमा. लसून पुढे शे, मिरची मांगून येस. दोंडाईच्यानी शे. फोडणी जळेल नही. कव्हयच जळेल नव्हती."

नानांनी डोळे मिटले, घास तोंडात घातला आणि म्हणाले, "हं."