अमडापूरचा कूलर आणि पांढरा धागा

मी इलेक्ट्रिकच्या कामाचा माणूस. वायर तुटली की बंद, जोडली की चालू... याच्यापलीकडे काही असतं यावर माझा कधीच विश्वास नव्हता. म्हणून हे सांगायला वर्ष गेलं. आणि आजही लिहिताना अंगावर काटा येतोय!

मी चिखलीत मिक्सर, पंखे, कूलर दुरुस्त करतो. शिकलो रहीमचाचांकडे. वायरच्या जोडावर टेप मारली की चाचा वरून शिलाईचा पांढरा धागा गुंडाळून गाठ मारायचे. "गरमीनं टेप सुटते बेटा, धागा नाई सुटत." मी त्यांची मस्करी करायचो. चाचा वारले, आणि मी धागा ठेवणंच सोडलं.

मागच्या मे महिन्यात भर दुपारी अमडापूरला सुनंदाताईंकडे गेलो. लोखंडी कूलर, पंप बदलायचा होता. वायरला जोड दिला, पण टेप मारायला घेतली तर रोल संपलेला. नवा रोल बाहेर गाडीच्या डिक्कीत. आणतोच म्हटलं... तेवढ्यात चहा आला. ताईंचे सासरे, बाबा, गप्पा मारायला बसले. त्यांचे गुडघे गेलेले, उठायचं तर कूलरलाच धरून उठायचे. "कूलर नाई बे हा, काठी हाय माही," म्हणाले. मी हसलो, कूलरची जाळी बसवली, बटण दाबलं आणि निघालो.

सहा-सात किलोमीटरवर पाण्याची बाटली काढायला डिक्की उघडली. टेपचा नवा रोल प्लास्टिकमध्ये तसाच!

लोखंडी बॉडी, पाणी, आत उघडा जोड... आणि बाबांचा हात. ताईंना फोन लावला, कोणी उचलेना. गाडी वळवली आणि नुसती पळवली. रस्ताभर एकच – बाबा, उठू नका.

ताईंनी कडी काढली. समोर बाबा उभे. एक हात कूलरवर, कूलर चालू.

"काऊन भाऊ, काही विसरले का?" ताई म्हणाल्या.

मी आधी बॉडीला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. मग प्लग काढून जाळी उघडली. जोडावर टेप होती. टेपवर पांढरा धागा.

मी धाग्यावरून बोट फिरवलं.

"ताई, माझ्यामागून कोणी आलं होतं का?"

"या उन्हात कोण येते? तुम्ही गेले अन् म्या दाराले कडी लावली. मंग झोपली मी."

दोस्त म्हणतात, तूच मारली असशील टेप, विसरलास. बरं, मारली असेल. धागाही कुठून तरी मिळाला असेल. पण मी उजव्या हाताचा माणूस, माझे वेढे एकाच दिशेनं पडतात – हे वेढे उलटे होते. चाचा डावखुरे होते.

आता खिशात धाग्याचं रीळ असतं. यंदा त्या कूलरचं गवत बदललं, मोटरला तेल दिलं, त्या जोडाला मात्र हात लावला नाही.

बाबा अजून कूलरला धरूनच उठतात.