घुमट म्हणाला, 'जाते'

आधीच सांगून टाकते... मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. करणी, भानामती, अंगात येणं – असलं काही कुणी सांगायला लागलं की त्याला तोंडावर वेड्यात काढणारी बाई मी. माझ्याच घरात घडलं नसतं, तर या सदरात लिहायला मेले तरी आले नसते.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. आम्ही मिरजगावचे. दादांचं, म्हणजे वडिलांचं, हायवेला खतांचं दुकान. माझ्या पाठची मंदा. तिला नगरचं स्थळ सांगून आलं. मुलगा एमआयडीसीत कामाला, भिंगारला स्वतःचं घर. आम्ही घर बघायला गेलो, तर त्याच्या आईनं सगळ्यात आधी स्वयंपाकघरात नेऊन गॅस दाखवला. "आमच्यात स्टोची कटकट न्हाई बरं का! तो कवाच भंगारात दिला." दादा तेवढ्यावरच पाघळले.

जेवणं झाली. मुलाचा मामा हौशी, म्हणाला, "चला, चांदबीबीचा महाल दावतो. ढोकेश्वरची लेणी लग्नानंतर, जोडीनं!" मंदा लाजली. मामाच्या जीपमध्ये आम्ही सगळे कोंबून बसलो.

पाथर्डी रोडला डोंगरावर तो अष्टकोनी दगडी महाल आहे. अख्खं नगर त्याला महालच म्हणतं. आहे तो मकबरा, आणि चांदबीबीचा तर नाहीच. कुणा सरदाराचा. खाली तळघरात कबरी आहेत. मी हे सांगितलं, तर दादा उखडले, "तुझी मास्तरकी घरी ठेव. महालाच्या गावात पोरगी पडतीय माझी!" कबरीला महाल म्हणायची आपल्याकडे सवयच आहे म्हणा.

आत गेल्यावर मामानं टाळी वाजवली. घुमट घुमला. मग मुलानं जरा चावटपणा करत 'मंदाऽ' अशी हाक मारली, तीही जशीच्या तशी परत आली. सगळे हसलो. मीसुद्धा.

आता इथं आमच्या आईचा एक दंडक सांगायला हवा. घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही. 'येते' म्हणायचं. बहुतेक मराठी घरांत असतं हे, पण आमच्या आईचं जरा जास्तच. चुकून कुणाच्या तोंडून 'जाते' निघालं, की ती उंबऱ्यातून परत बोलवायची, पाटावर बसवायची, हातावर साखर ठेवायची आणि 'येते' वदवून मगच सोडायची. मंदाच्या जिभेला ते वळण इतकं पडलेलं, की दुकानातून मीठ घेऊन निघतानासुद्धा 'येते हं काका' म्हणायची.

बाहेर पडताना ती मागं राहिली. वर बघून, हात जोडून, थट्टेनं म्हणाली, "बरंय चांदबीबी, येते हं!"

घुमटातून आलं – "जाते..."

तिच्याच आवाजात. थट्टा मात्र नव्हती त्या आवाजात. थकलेला होता. आईनं माझा दंड इतका गच्च धरला, की बांगडी रुतली. मंदा पांढरीफटक पडली, म्हणाली, "अक्का, मी येते म्हणले ना गं?"

"व्हय गं, येतेच म्हणलीस," आई म्हणाली. मग दादांकडं वळली, "अहो, तुमी न्हाई ऐकलं?"

दादा हसले. "कानात वारं गेलं आसंल तुमच्या. घुमट हाय त्यो, काय बी ऐकू येतं. पाव्हन्यांफुडं तमाशा नको!"

आई घरी आल्यावर आठवडाभर भांडली. हे स्थळ नको म्हणाली. दादांनी तिला येडी ठरवलं आणि सुपारी फोडली.

पुढच्या पंचमीला मंदा माहेरी आली ती निम्मी होऊन. पाठीवर वळ. "मला नका धाडू," म्हणून आईच्या कुशीत रडली. दादा म्हणाले, "संसारात भांड्याला भांडं लागतंच." स्वतः जाऊन एसटीत बसवून आले. अंगणातून निघताना ती म्हणाली, "जाते गं, अक्का."

आई ओरडली, "येते म्हण! मंदे, येते म्हण!" ती मागं न बघता चालत राहिली. तो आवाज मी आधी ऐकला होता. त्या घुमटात.

दिवाळीच्या आत निरोप आला. स्टोचा भडका उडाला म्हणे! अहो, त्या घरात गॅस होता... दादांनी कुणाला एका शब्दानं विचारलं नाही. इज्जतीचा प्रश्न होता ना!

आवाज दगडावर आपटून परत येतो, पहिलं अक्षर विरून जातं, 'ते' तेवढं उरतं... हे सगळं मला माहीत आहे, दर वर्षी फळ्यावर लिहिते मी. पण 'येते'चं 'जाते' कसं झालं, ते मला आजही सांगता येत नाही. बाकी जे झालं, ते कसं झालं हे मात्र गावाला ठाऊक आहे.

आता दादा अंथरुणाला खिळलेत. मध्यंतरी मी त्यांना भेटायला गेले होते. ते आढ्याकडं बघत पडले होते. मग म्हणाले, "पोरी... त्या दिवशी घुमटातलं... मलाबी ऐकू आलं हुतं."

मी पिशवी उचलली, चपला घातल्या. उंबऱ्यात उभी राहिले आणि त्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जाते."

आई आत पाटाजवळच बसली होती. तिनं मला परत बोलावलं नाही.