टोपलीतल्या ओव्या

मुलाने पुण्यात नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना कळमनुरीला आमच्याकडे पाठवला. मी तेव्हा नुकताच मास्तरकीतून निवृत्त झालो होतो. पण मराठी टायपिंग आधी जमलं ते बायकोला. आपल्या आईच्या जात्यावरच्या ओव्या ती एका बोटाने उतरवू लागली. आई गेलेली, वही कुठली नाही.

शाळेत कचऱ्याची टोपली रिकामी झाल्याशिवाय मी वर्ग सोडत नसे. पडद्यावरची टोपली भरलेली दिसली, तेव्हा आत न पाहताच ती रिकामी केली. वर सेटिंगही बदललं: पुसलेली फाईल टोपलीत थांबायलाच नको, थेट जावी.

दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, टोपली रिकामी काहून दिसून राहिली?"

"काय होतं तीत?"

"ओव्या. दुसरं काय असणार?"

आमच्याकडे भाकरी टोपलीत, लसूण टोपलीत. टोपलीत ठेवलं म्हणजे जपून ठेवलं. ओवी लिहून झाली की बायको ती फाईल ओढून टोपलीत टाकायची आणि निर्धास्त व्हायची.

"काल लाईट गेली होती ना, त्यात गेलं असेल," मी म्हणालो. लाईट रोजच जायची, म्हणून खोटं खपलं.

मग तिने शिरड शहापूरच्या थोरल्या बहिणीला बोलावून घेतलं. बहीण दोन दिवसांसाठी आली आणि आठ दिवस राहिली. एक गायची, दुसरी टाईप करायची, मध्येच भांडण.

"ह्यात मामा न्हाई, भाऊ होता."

"तुला काय ठावं? तू तवा पाळण्यात होतीस."

बायकोने कधी ऐकल्या नव्हत्या अशाही ओव्या निघाल्या. सासूवरची एक तर अशी होती, की दोघी पदर तोंडाला लावून हसत राहिल्या आणि मला बाहेर बसवलं. मी सेटिंग गुपचूप पहिल्यासारखं केलं, ओव्यांसाठी वेगळं फोल्डर करून दिलं आणि न सांगता शेंगा भाजत, चहा करत राहिलो.

"पाहुणे, चहा लई येऊन राहिला," मेहुणी म्हणाली. "काही गुन्हा केला का?"

मी कप उचलून आत गेलो.

हे लिहायला बसलो तेव्हा, इतक्या वर्षांनी, बायकोला खरं सांगितलं. ती लसूण सोलत होती. हात थांबला.

"म्हणजे लाईट गेली नव्हती?"

"गेली होती. पण ओव्या मीच पुसल्या."

तिने पुन्हा लसूण हातात घेतला. "मग आणखी एकदा पुसा. ताई तेवढीच आठ दिवस येऊन राहील. पण आधी छापून घ्या."