अब्बांनी लिहिलेली यादी

अब्बा जुन्या नाशकात मराठीचे शिक्षक होते. गणेशोत्सव जवळ आला की पोलीस ठाण्यातून शांतता समितीच्या बैठकीचं बोलावणं यायचं. अब्बा इस्त्रीचा सदरा घालून जायचे, पुढच्या खुर्चीत बसायचे, मिरवणूक मशिदीसमोर आली की मंडळाच्या अध्यक्षाला हार घालायचे. नव्वदच्या दशकातल्या दंगलींनंतरही त्यांनी हे सोडलं नाही. गल्लीतले लोक त्यांना ‘सरकारी मुसलमान’ म्हणत. ते हसायचे.

पुढे काही वर्षांनी दुसऱ्या गावात स्फोट झाले आणि आमच्याकडे धरपकड सुरू झाली. समितीतल्या ओळखीच्या अधिकाऱ्यानं अब्बांना बोलावलं. सर, ज्यांची तुम्ही खात्री देता त्यांची नावं लिहून द्या, त्यांना त्रास होणार नाही, असं तो म्हणाला. अब्बांनी आपल्या सर्वांत हुशार विद्यार्थ्यांची नावं आखीव कागदावर लिहिली. कोण काय शिकतो, कुठं राहतो, कुणाकडे कॉम्प्युटर आहे, सगळं. शिकलेल्या मुलावर कुणी संशय घेत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. माझीही. यादी मीच वाचून पाहिली.

तीन आठवड्यांनी त्या यादीतला, शेजारच्या शिंप्याचा मुलगा उचलला गेला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. अब्बा रोज ठाण्यात जाऊ लागले. तो अधिकारी बदलून गेला होता. शिंपी अब्बांशी बोलेनासा झाला, आणि अब्बा कुणाशीच. चार वर्षांनी ते वारले. मुलगा आतच होता, खटला अजून उभा राहिला नव्हता.

जनाज्याच्या नमाजेआधी गेलेल्याच्या मुलानं जमलेल्यांना सांगायचं असतं, मय्यतीनं कुणाचं मन दुखावलं असेल तर माफ करा. मी सांगितलं. रांगांमधून ‘माफ किया’ आलं. पहिल्या रांगेत उभ्या असलेल्या शिंप्याचे ओठ हलले नाहीत. नमाज मात्र त्यानं पूर्ण पढली, खांदाही दिला. कब्रस्तानाच्या फाटकाशी मी त्याचा हात धरला.

“चाचा, अब्बा को माफ कर दो.”

“मैं कौन होता, बेटा?” तो हळू म्हणाला. “जिसका गया, उसको पूछ.”

पुढच्या तारखेला मी कोर्टाच्या आवारात जाऊन थांबलो. पोलिसांच्या गाडीतून उतरताना शिंप्याच्या मुलानं मला ओळखलं. त्याचे केस पांढरे व्हायला लागले होते.

“सर बरे आहेत ना?” त्यानं मराठीत विचारलं.

मी हो म्हणालो.