एकशे बेचाळीस मोटारींचा मालक

एकशे बेचाळीस मोटारींचा मालक असूनही जन्मभर बसनं फिरलेला माणूस सबंध पुण्यात एकच, ते म्हणजे आमच्या हिचे मामा. मोटारी चार बोटांच्या, धातूच्या, मागे पुठ्ठा आणि पुढे पारदर्शक प्लॅस्टिक अशा पाकिटातल्या. पंचवीसेक वर्षांपूर्वी त्यांचं असं खूळ आलं होतं, की स्टेशनरीच्या दुकानात वह्यांच्या आधी त्या संपायच्या. मामा दर पगाराला दोन आणायचे आणि पाकीट न फोडता कपाटात ठेवायचे. जवळजवळ सहा वर्षं हे व्रत चाललं. "फोडलं की खेळणं, नाही फोडलं की गुंतवणूक," हे वाक्य ते लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत आणि एकदा दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड उघडं असतानाही म्हणाले होते.

कोथरूडच्या त्यांच्या दोन खोल्यांत एकच लोखंडी कपाट होतं, ते मोटारींना. मामींच्या पैठण्या पलंगाखालच्या बॅगेत. उन्हाळ्यात प्लॅस्टिक पिवळं पडतं म्हणून टेबलफॅनचं तोंड कपाटाकडे असायचं आणि पाहुण्यांना लागायचा तो तिकडून परत आलेला वारा. लग्नानंतर प्रथमच त्यांच्याकडे गेलो तेव्हा कौतुकानं एक पाकीट उचललं, तर मामा अत्यंत आदरानं म्हणाले, "जावईबापू, आपण हात धुतलेत का?" मी धुऊन आलो. तोवर कपाटाला कुलूप लागलेलं होतं.

त्यांची लेक मनू तेव्हा सात वर्षांची. तिला एकशे बेचाळीस नको होत्या, एकच हवी होती, पहिल्याच वर्षी आणलेली लाल. "तुझ्याच भल्यासाठी ठेवल्यात," असं मामा सांगायचे. पुढे तिनं मागणं सोडून दिलं. वर्षातून एकदाच तिला मोटारींना हात लावायला मिळे, दसऱ्याला. वाहनांची पूजा व्हायलाच हवी, वाहनाचा आकार शास्त्रात दिलेला नाही, असं मामांचं मत. सगळी पाकिटं सतरंजीवर रांगेनं मांडली जात, मनू करंगळीनं प्रत्येक पुठ्ठ्यावर ओल्या कुंकवाचा एक ठिपका लावी आणि मागून मामा झेंडूची एकेक पाकळी ठेवत जात. तिचं लग्न होईपर्यंत एकही दसरा चुकला नाही. तिचं शिक्षण मात्र कर्ज काढून झालं, कारण मोटारींचा भाव "अजून चढतोय" असं मामा म्हणत होते.

गेल्या वर्षी मनूनं धायरीला फ्लॅट घेतला, तेव्हा मामांनी ठरवलं की आता काढायच्या. पोरीला एवढी वर्षं नाही म्हटलं, त्याचं सगळं एकदम भरून द्यायचं होतं त्यांना. असल्या जुन्या खेळण्यांचा धंदा करणारा एक तरुण हातमोजे घालून आला. व्यवहाराला साक्षीदार म्हणून मी होतो.

"काका, पीसेस जेन्युइन आहेत, पण मार्केट डाउन आहे. तेव्हा सगळ्यांनीच सील्ड ठेवल्या हो. आता घरोघर निघतायत." मग त्यानं पुठ्ठा डोळ्यांजवळ नेला. "आणि ही रेड डॉट्सची लाइन कसली?"

"कुंकू."

"सगळ्यांवर?"

"दसऱ्याला काय निवडक वाहनांची पूजा करतात?"

त्यानं रुमाल ओला केला. "पुसून बघतो, थोडाफार भाव येईल."

मामांनी त्याचं मनगट धरलं. पाकीट काढून घेतलं आणि चष्मा वर करून बघत राहिले. सुरुवातीचे ठिपके इवलेसे, वाकडेतिकडे, एक तर पार कोपऱ्यात घसरलेला. पुढे ते मोठे आणि सरळ होत गेलेले. "राहू द्या," मामा म्हणाले. "आपण चहा घ्या आणि या." मामांनी परक्या माणसाला चहा विचारलेला मी जन्मात ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं बसनं धायरीला गेलो. मामांनी पिशवीतून लाल मोटार काढून मनूपुढे ठेवली. "फोड."

"बाबा, किंमत जाईल."

"गेली."

मनूनं कुंकवाला धक्का न लावता कात्रीनं कडेकडेनं प्लॅस्टिक कापलं. मामांनी लिंबू मागितलं. नवी गाडी पहिल्यांदा बाहेर काढताना चाकाखाली लिंबू हवंच, पण लिंबू मोटारीहून मोठं निघालं. थोडा विचार करून मामांनी ते चिरलं आणि त्यातली एक बी चाकापुढे ठेवली. "हं, घे आता पुढे."

मनू फरशीवर मांडी घालून बसली आणि तिनं मोटार बियेवरून सावकाश पुढे नेली. मामा बसच्या तिकिटाची बारीक घडी घालत तिच्याकडे न बघता म्हणाले, "हिची दारं उघडतात का गं?"

"उघडतात की, बाबा. दोन्ही."