बोंबलाच्या वासाचं पुस्तक
शेजारी कुणी सुके बोंबील भाजले की मला तारापूरचं वाचनालय आठवतं. वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं तेव्हा, नवऱ्याला तिथे नोकरी लागली म्हणून मी घाटावरून आले होते. आमच्या घरात मासळी शिजत नव्हती आणि बोलायला कुणी नव्हतं. वाचनालयात जाऊन म्हटलं, “एखादी चांगली कादंबरी द्या.” म्हातारे ग्रंथपाल उठले, कपाटातली दोन-तीन पुस्तकं नाकाशी नेऊन त्यांनी चक्क हुंगली आणि सगळ्यात जास्त वास मारणारं माझ्यापुढे ठेवलं. मी पदर नाकाला लावला. “स्वच्छ प्रत नाही का?” “स्वच्छ पुस्तकं पुष्कळ आहेत,” ते म्हणाले, “पण कोळीवाड्यातल्या बायका बोंबील सुकवतानाही जे खाली ठेवत नाहीत, तेच मी नव्या माणसाला देतो.” त्यांना खोटं पाडायचं म्हणूनच मी ते नेलं आणि दिवेलागणीच्या आत संपवलं. सकाळी दारावर मासळीवाली आली. एरवी मी तिला आतूनच ‘नको’ म्हणायची; त्या दिवशी पुस्तक घेऊन बाहेर गेले आणि विचारलं, “हे वाचलंत?” पाटी उतरवत ती म्हणाली, “पोर वाचते, आमी ऐकतो. पन शेवटी त्यातली बाय सासरी परत गेली, ते मना नाय पटलं.” मलाही पटलं नव्हतं. पायरीवर ऊन येईपर्यंत आम्ही दोघींनी त्या नायिकेला नावं ठेवली. आजही कुणी पुस्तक सुचवलं की मी ते आधी हुंगते. नुसत्या कोऱ्या कागदाचा वास आला, तर सांगणारा कितीही मोठा असो, माझा विश्वास बसत नाही.